दोन्ही भाग सारखेच आहेत, मग तो सममिती अक्ष का नाही?

पत्राचा सारांश: एका वडिलांनी लिहिलं आहे. त्यांची मुलगी बारा वर्षांची. भूमितीत सममितीचा धडा सुरू झाल्यापासून घरात रोज वाद होतो. चाचणीत तिने समांतरभुज चौकोनाचे दोन्ही कर्ण सममिती अक्ष म्हणून दाखवले आणि आयताला चार अक्ष लिहिले. दोन्ही उत्तरं चुकली. तिचं म्हणणं एकच, "कर्णाने दोन भाग केले, दोन्ही अगदी सारखे आहेत, मग चूक काय?" वडिलांना नीट सांगता आलं नाही. त्यांनी तक्ता करून दिला: चौरस चार, आयत दोन, समभुज त्रिकोण तीन, समांतरभुज चौकोन शून्य. तिने तो पाठ केला, पण आकृती जरा तिरकी काढलेली आली की पुन्हा गोंधळ. घूर्णन सममिती, म्हणजे आकृती फिरवून जुळवण्याची सममिती, शिकताना तिने आणखी एक प्रश्न काढला, "कुठलीही आकृती पूर्ण गोल फिरवली की जुळतेच ना? मग काहींनाच घूर्णन सममिती आहे असं का म्हणायचं?" आता ती म्हणते, "मला हे दिसतच नाही." वडील विचारतात, आकृत्या डोळ्यांसमोर आणण्याची क्षमताच तिच्यात कमी आहे का? शिकवणी लावावी, एखादं ॲप घ्यावं, की दोन-चार गुणांचा धडा म्हणून तक्ता पाठ करून पुढे जावं? परीक्षा पंधरा दिवसांवर आहे.

नमस्कार,

तुमच्या मुलीचे दोन्ही प्रश्न मी दोन-तीनदा वाचले. बारा वर्षांच्या मुलीने विचारलेले इतके नेमके प्रश्न वाचून फार बरं वाटलं. तुम्ही तिच्या क्षमतेबद्दल काळजीत आहात, पण पत्रातून मला दिसते ती मुलगी नियम ऐकते, तो काटेकोरपणे लावून पाहते आणि उत्तर चुकलं की कारण मागते. गणिताला याहून वेगळं काय लागतं? तिने "का" विचारलं आणि तक्त्यातून तिला "किती" मिळालं. त्यामुळे पाठांतर झालं तरी तिचा प्रश्न जागच्या जागी राहिला. म्हणून आकृती तिरकी झाली की तोच प्रश्न पुन्हा वर येतो.

आधी ती कुठे बरोबर आहे ते पाहू, आणि तिलाही तिथूनच सुरुवात करून द्या. समांतरभुज चौकोनाचा कर्ण त्याचे दोन एकरूप त्रिकोण करतो. हे तिचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. गडबड पुढच्या पायरीवर होते. "सममिती अक्ष म्हणजे आकृतीचे दोन समान भाग करणारी रेषा" हे वाक्य मुलांच्या कानावर इतक्या वेळा पडतं की तीच व्याख्या आहे असं वाटू लागतं. अक्ष दोन समान भाग करतो हे खरं. पण दोन समान भाग करणारी प्रत्येक रेषा अक्ष नसते. तुमच्या मुलीने ते अर्धं वाक्य पूर्ण मानलं आणि त्याला धरून अचूक उत्तर दिलं. तिचा तर्क चुकलेला नाही, हातात आलेला नियम अपुरा होता. हे तिला या शब्दांत सांगा. "मला दिसत नाही" म्हणणाऱ्या मुलीला ते ऐकणं गरजेचं आहे.

आता हा नियम तिला स्वतःलाच तपासू द्या. जाड कागदाचा एक समांतरभुज चौकोन कापा, दोन्ही कर्ण काढा. ते जिथे छेदतात त्या बिंदूतून जाणारी कुठलीही एक रेषा तिला काढायला सांगा, मनाला येईल तशी, कितीही तिरकी. त्या रेषेवर कापलं की होणारे दोन तुकडे एकरूप निघतात. दुसरा कागद घेऊन दुसरी रेषा काढली तरी तेच. मध्यबिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा समांतरभुज चौकोनाचे दोन एकरूप भाग करते. मग विचारा, "तुझ्या नियमाने याला अक्ष किती?" उत्तर येईल, अगणित. आपल्या नियमातून समांतरभुज चौकोनाला वर्तुळाइतके अक्ष मिळतात हे पाहिल्यावर नियमात काहीतरी राहून गेलं आहे, असं तिचं तिलाच वाटेल. आपण सांगितलेल्या दुरुस्तीपेक्षा हे वाटणं कितीतरी टिकाऊ असतं.

राहून काय गेलं आहे? दोन भाग एकमेकांवर कसे बसतात, ते. यासाठी कागदाची एक बाजू रंगवून घ्या, कारण सगळा फरक तिथेच दिसतो. समांतरभुज चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण टेबलावर ठेवा, दोघांची रंगीत बाजू वर. आता एक त्रिकोण दुसऱ्यावर बसवायचा आहे. तो न उलटवता, नुसता अर्धा फेरा फिरवून आणि सरकवून, अचूक बसतो. रंगीत बाजू वरच राहते. पण घडी घालताना आपण काय करतो? कागद उलटवतो. रंगीत बाजू खाली जाते. एक पूर्ण आकृती घेऊन कर्णावर खरोखर घडी घाला, म्हणजे दिसेल की एक कोपरा बाहेर डोकावतो आणि दुसरा उघडाच राहतो. आयताचंही असंच होतं, आणि तिच्या चार अक्षांपैकी दोन इथे गळतात.

मुलीला मला जे सांगायचं आहे ते एवढंच: सममिती ही आकृतीची एक कृती आहे. ती केल्यानंतर आकृती जशीच्या तशी आपल्याच जागी बसली पाहिजे. रेषीय सममितीत कृती उलटवण्याची, घूर्णन सममितीत फिरवण्याची. कर्णाने झालेले दोन भाग सारखे आहेत हे पाहून तिला जी सममिती जाणवली ती खरीच होती. फक्त ती फिरवण्याची होती आणि तिने ती उलटवण्याच्या खात्यात मांडली. समांतरभुज चौकोनाला अक्ष एकही नाही, पण १८० अंशांत फिरवला की तो स्वतःवर बसतो. म्हणजे तिचा डोळा बरोबर ठिकाणी गेला होता. हे कळलं की चाचणीतलं उत्तर चूक का आणि तिचं निरीक्षण बरोबर का, दोन्ही एकदम सुटतं.

उलटवणं म्हणजे नेमकं काय, हेही एका वाक्यात बांधून द्या, कारण परीक्षेत कात्री मिळत नाही. रेषेच्या एका बाजूला असलेल्या प्रत्येक बिंदूचा जोडीदार रेषेच्या दुसऱ्या बाजूला, अगदी समोर आणि तितक्याच अंतरावर असतो. "अगदी समोर" म्हणजे त्या दोघांना जोडणारी रेषा अक्षाला काटकोनात छेदते. भूमितीच्या भाषेत, अक्ष हा त्या जोडरेषेचा लंबदुभाजक असतो. "दोन समान भाग" या व्याख्येत हा काटकोन कुठेच नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

आता समांतरभुज चौकोन अबकड घ्या. कर्ण अक हा अक्ष असेल, तर ब या शिरोबिंदूचा जोडीदार पलीकडचा ड असायला हवा, कारण पलीकडे दुसरा शिरोबिंदूच नाही. म्हणजे अक ने बड ही रेषा काटकोनात दुभागली पाहिजे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात हे तिला माहीत असेल. उरला काटकोन. तो नसेल तर कर्ण अक्ष नाही. असेल तर तो चौकोन समभुज झाला, आणि समभुज चौकोनाचे दोन्ही कर्ण अक्ष असतातच. आयताचे कर्ण सारख्या लांबीचे असतात, पण काटकोनात छेदत नाहीत, म्हणून ते अक्ष नाहीत. चौरसाचे छेदतात, म्हणून आहेत. तक्त्यातल्या चौकोनांच्या ओळींमध्ये कर्ण अक्ष का आहेत किंवा का नाहीत, हे या एका काटकोनातून निघालं. ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

घरात लहान सपाट आरसा असेल तर आणखी एक प्रयोग करा, मला तो फार आवडतो. समांतरभुज चौकोनाच्या लांब कर्णावर आरसा उभा धरायचा आणि कागदावरचा अर्धा भाग व आरशातलं प्रतिबिंब मिळून कुठला आकार होतो ते बघायचं. समांतरभुज चौकोन दिसत नाही, पतंगाकृती चौकोन दिसतो! "या रेषेला अक्ष मानलं तर आकृती कशी असायला हवी होती" याचं उत्तर आरसा देतो. तो पतंग आणि मूळ आकृती शेजारी शेजारी काढल्या की फरक डोळ्यांत भरतो. आयताच्या कर्णावर आरसा धरला तरी पतंगच दिसेल. आरसा धरण्याआधी मात्र तिला अंदाज कागदावर काढायला सांगा. नुसतं बघून "हो, कळलं" होतं आणि दुसऱ्या दिवशी काही उरत नाही.

आता "मला दिसत नाही" या वाक्याकडे येऊ, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे. डोळ्याला सगळे अक्ष सारखे सोपे नसतात. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं की उभ्या अक्षाभोवतीची सममिती चटकन जाणवते, आडव्या अक्षाभोवतीची तितकी नाही. तिरक्या अक्षांना तर मोठ्या माणसांचेही डोळे अडखळतात. त्यात पुस्तकांतले चौरस बहुधा बाजूवर बसलेले आणि समद्विभुज त्रिकोण पायावर उभे असतात. तोच चौरस टोकावर उभा केला की मुलांना तो वेगळाच आकार वाटतो. तेव्हा तिरकी आकृती आली की गोंधळणं हे क्षमता कमी असल्याचं लक्षण मानू नका. उपायही साधा आहे: वही फिरवायची. जी रेषा अक्ष असेल असं वाटतं ती आपल्यासमोर उभी येईपर्यंत कागद फिरवायचा आणि मग डावी-उजवी बाजू ताडून पाहायची. काही मुलांना वाटतं की कागद फिरवणं म्हणजे लबाडी. ती लबाडी नाही. आकृतीचे अक्ष आकृतीसोबत फिरतात, कागद कसा धरला यावर ते बदलत नाहीत, हेच तर शिकायचं आहे.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पूर्ण ३६० अंश फिरवल्यावर प्रत्येक आकृती जुळते, हे तिचं म्हणणं पूर्णपणे बरोबर. अगदी वेड्यावाकड्या, कुठेच काही सारखं नसलेल्या आकृतीचंही तसंच होतं. त्यामुळेच त्या जुळण्यातून आकृतीबद्दल काहीच कळत नाही. म्हणून पूर्ण फेरी संपण्याच्या आधी कुठेतरी आकृती स्वतःवर बसली, तरच तिला घूर्णन सममिती आहे असं म्हणायचं ठरलं आहे. एका पूर्ण फेरीत ती जितक्या वेळा बसते, ती घूर्णन सममितीची ऑर्डर. जी आकृती फक्त शेवटी, पूर्ण फेरीलाच बसते तिची ऑर्डर १, म्हणजे घूर्णन सममिती नाही.

हे मोजण्यासाठी ट्रेसिंग पेपर आणि टाचणी पुरते. आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून ती गिरवा, मध्यावर टाचणी टोचा आणि वरचा कागद हळूहळू फिरवा. दोन ठिकाणी मुलं हमखास चुकतात. टाचणी शिरोबिंदूत टोचली तर पूर्ण फेरीआधी काहीच जुळत नाही. ती मध्यावरच हवी: चौकोनी आकृत्यांत कर्णांच्या छेदनबिंदूवर, समभुज त्रिकोणात मध्यगांच्या संपातबिंदूवर, म्हणजे शिरोबिंदूंपासून समोरच्या बाजूंच्या मध्यापर्यंत काढलेल्या रेषा जिथे मिळतात तिथे. दुसरी चूक मोजण्याची. सुरुवातीची स्थिती आणि शेवटची स्थिती दोन्ही मोजली की चौरसाची ऑर्डर ५ येते. वरच्या कागदावर एका कोपऱ्यात ठळक ठिपका द्या, सुरुवात मोजू नका, आणि ठिपका मूळ जागी परत आला की ती शेवटची मोजणी धरून थांबा.

कोनांच्या बाबतीत एक सापळा आहे आणि तो चौरसामुळे तयार होतो. चौरसाचा आतला कोन ९० अंश आणि तो ज्या कोनातून फिरवल्यावर जुळतो तोही ९० अंश. त्यावरून मुलं समजतात की आतला कोन म्हणजेच फिरवण्याचा कोन. मग समभुज त्रिकोणाला ६० अंश लिहितात. समभुज त्रिकोण १२० अंशांत जुळतो, सुसम षटकोन ६० अंशांत, आणि दोघांचे आतले कोन नेमके याच्या उलट आहेत. फिरवण्याचा सर्वांत लहान कोन हवा असेल तर ३६० ला ऑर्डरने भागायचं. सुसम पंचकोनाला ७२. सुसम सप्तकोनाला भागाकार पूर्ण सुटत नाही, तरी आकृती जुळतेच. बाकी उरली म्हणून उत्तर चुकलं असं तिने समजू नये.

आता थोडं पुढचं. हे धड्यात नसलं तरी तुमच्या मुलीला सांगावंसं वाटतं, कारण तक्त्याची गरज इथेच संपते. पुठ्ठ्याचा एक चौरस घ्या, एक बाजू रंगवा. टेबलावरच्या कागदावर त्याची चौकट आणि चारही अक्ष काढून ठेवा. चौरस चौकटीत ठेवून आधी उभ्या अक्षाभोवती उलटवा. मग टेबलावरच्या कर्ण-अक्षाभोवती पुन्हा उलटवा. दोनदा उलटवल्यामुळे रंगीत बाजू पुन्हा वर आली. चौरस चौकटीतच आहे, पण कोपरे सरकले आहेत. ठिपका देऊन पाहिलंत तर कळेल की तो पाव फेरा फिरला. दोन अक्षांभोवती लागोपाठ उलटवणं म्हणजे एकदा फिरवणं, आणि फिरण्याचा कोन त्या अक्षांमधल्या कोनाच्या दुप्पट. चौरसाचे शेजारचे अक्ष ४५ अंशांवर, म्हणून ९०. समभुज त्रिकोणाचे ६० वर, म्हणून १२०. आयताचे दोन अक्ष ९० वर, म्हणून १८०.

म्हणजे ज्या आकृतीला दोन अक्ष आहेत तिला घूर्णन सममिती असावीच लागते. आणि कुठल्याही बंदिस्त आकृतीत अक्षांची संख्या एक तर शून्य असते, नाहीतर ऑर्डरइतकीच. चौरस ४ आणि ४, आयत २ आणि २, समभुज चौकोन २ आणि २, पतंग १ आणि १, समद्विभुज समलंब चौकोन १ आणि १, सुसम षटकोन ६ आणि ६. समांतरभुज चौकोन ० आणि २. कागदी भिरभिऱ्याचं चित्र काढलंत, चारही पाती एकाच दिशेला वळलेली, तर ० आणि ४, कारण आरशात ते उलट दिशेला फिरताना दिसतं. वर्तुळाचे अक्ष अगणित आणि ते कितीही फिरवा, जुळतंच. मोजताना दोन आकडे वेगळे आले आणि अक्षांचा आकडा शून्य नसला, तर कुठेतरी चूक आहे, पुन्हा मोजायचं. स्वतःची चूक स्वतः पकडण्याचं इतकं सोपं साधन या वयात क्वचितच हाती लागतं.

तिच्या मूळ उत्तरालाही हे लावून पाहा. समांतरभुज चौकोनाचे कर्ण समजा ६० अंशांत छेदतात. दोन्ही अक्ष असते, तर ती आकृती १२० अंश फिरवल्यावरही जुळली असती. टाचणी टोचून फिरवा, जुळत नाही. म्हणजे दोन्ही कर्ण अक्ष असू शकत नाहीत. कागद न दुमडता लागलेला हा निकाल आहे.

तिला एक कोडंही द्या: नेमके तीन सममिती अक्ष असलेला चौकोन काढून दाखव. दोन-तीन दिवस तिला त्याच्याशी झटू द्या, लगेच उत्तर सांगू नका. तुमच्यासाठी उत्तर असं: तसा चौकोन नाहीच. तीन अक्ष म्हणजे ऑर्डर ३, म्हणजे १२० अंशांत जुळणारी आकृती. या फिरण्यात शिरोबिंदू तीन-तीनच्या गटाने एकमेकांच्या जागी जातात. चारातले तीन गेले की एक उरतो, त्याला जागच्या जागी राहावं लागेल, म्हणजे तो टाचणीच्या बिंदूवरच हवा. पण शिरोबिंदूतून दोनच बाजू निघतात, आणि १२० अंशांच्या फिरण्यात जुळायला तीन लागतील. जमत नाही.

आता तुमचे पर्याय. एवढ्या एका धड्यासाठी शिकवणी लावू नका. तिला कमी पडतं आहे ते हातात कागद घेऊन घालवलेला वेळ, आणि तो घरी देता येतो. ॲपबद्दल माझं मत थोडं सावध आहे. पडद्यावर बोट सरकवलं की आकृती आपोआप बरोबर उलटते किंवा बरोबर फिरते. उलटवायचं की फिरवायचं हा निर्णय मुलाला घ्यावाच लागत नाही, आणि तुमच्या मुलीचा गोंधळ तर नेमका त्या निर्णयात आहे. कागदाचे प्रयोग झाल्यावर, आधी अंदाज लिहून मग पडद्यावर तपासायचं असेल, तर ॲपला माझी हरकत नाही. तक्ता पाठ करण्यालाही हरकत नाही, पण तो तिने स्वतः मोजून भरलेला असावा. पहिल्या आठवड्यात घड्या, आरसा, टाचणी. दुसऱ्या आठवड्यात तक्ता, आणि प्रत्येक ओळीसमोर तिच्या शब्दांत एक कारण.

एक विनंती तुम्हाला. तिच्याजवळ बसाल तेव्हा "समजलं का?" असं विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं आणि त्यातून काही कळत नाही. "हा कोपरा कुठे गेला?" असं विचारा. बोट ठेवून सांगता आलं तर समजलं आहे. नाही आलं तर नेमकं कुठे अडलं तेही त्याच क्षणी दिसेल.

दोन-चार गुणांचा धडा म्हणून सोडून द्यायला मी नाही म्हणेन, त्याचं कारण पुढच्या इयत्तांमध्ये आहे. समांतरभुज चौकोनाच्या संमुख भुजा एकरूप, संमुख कोन एकरूप, कर्ण एकमेकांना दुभागतात, हे गुणधर्म मुलं सुटे सुटे पाठ करतात. खरं तर अर्ध्या फेऱ्यात आकृती स्वतःवर बसते म्हणजे प्रत्येक भुजा समोरच्या भुजेवर, प्रत्येक कोन समोरच्या कोनावर आणि कर्णाचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर जातो. तिन्ही गुणधर्म त्या एका हालचालीत आहेत. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात, याची एक फार सुंदर सिद्धता चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावावर आहे. युक्लिडने त्यासाठी बाजू वाढवून आणखी रेषा काढल्या होत्या. पॅपसने काहीच जोडलं नाही, त्रिकोणाची तुलना त्याच्याच उलटवलेल्या रूपाशी केली. तुमची मुलगी कागदाची घडी घालताना तेच करते आहे. पुढे आलेखावर (३, २) या बिंदूचं क्ष-अक्षातलं प्रतिबिंब (३, −२) येईल, मग य-अक्षातलं (−३, −२), आणि मूळ बिंदू आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवला तरी तिथेच पोहोचतो हे पाहून तिला चौरसाच्या पुठ्ठ्याची ओळख पटेल.

ज्यांची मुलं याहून लहान आहेत त्यांनी अक्षांची मोजणी मागू नये. घडी घालून अर्धा आकार कापायचा आणि उघडल्यावर काय निघेल ते आधी काढून दाखवायचं, एवढंच पुष्कळ आहे. ज्यांच्या मुलांना हे सगळं सहज येतं त्यांनी उलट प्रश्न द्यावा: ऑर्डर ३, पण अक्ष एकही नाही, अशी आकृती काढ.

परीक्षेच्या दिवसासाठी तिला तीन सवयी लावून द्या. प्रश्नातली आकृती तिरकी असेल तर आधी प्रश्नपत्रिका फिरवायची. रेषा अक्ष वाटली तर रेषेवर नसलेला एकेक शिरोबिंदू घेऊन त्याचा जोडीदार शोधायचा, दोघांना पेन्सिलीने फिकट जोडायचं, काटकोन होतो का ते गुण्याच्या कोपऱ्याने पाहायचं आणि रेषेपासून दोघांचं अंतर सारखं आहे का तेही पाहायचं. जोडीदार सापडला नाही, काटकोन झाला नाही किंवा अंतरं वेगळी आली तर ती रेषा सोडून द्यायची, दोन्ही भाग कितीही सारखे दिसले तरी. घूर्णन सममितीत एका शिरोबिंदूवर ठिपका द्यायचा, तो फिरून कुठल्या कुठल्या जागी गेला तर आकृती जुळते ते मोजायचं, आणि शेवटी तो आकडा अक्षांच्या आकड्याशी ताडून मगच उत्तर लिहायचं.